चाकांचा बैल

कोंडवाड्याच्या भिंतींवर, गाईच्या पोटाच्या उंचीला, एक काळपट गुळगुळीत पट्टा होता. वर्षानुवर्षं जनावरं तिथं अंग घासून गेली होती.

शबनम म्हणायची, निळ्या रंगाला ओल्या पितळेचा वास येतो.

कागद चिकटवायच्या गव्हाच्या खळीत मोरचूद घातलं नाही, तर उंदीर खळ खातात, खळीसोबत वर्तमानपत्र खातात, अग्रलेखसुद्धा सोडत नाहीत.

कुणीतरी सांगितलं होतं, स्वप्नात माणसाला स्वतःचे पाय दिसत नाहीत. मला दिसायचे. पाण्याखाली असल्यासारखे, जरा मोठे.

तान्ह्या पोळ्याच्या मांडवात माझी जागा ठरलेली होती. स्टेजच्या डाव्या बाजूला, पाहुण्यांच्या हारांच्या टेबलाशेजारी.

*

"थाळी वाजली की सरकायचं," काळमेघ सर म्हणाले. "आपला कागद तिथंच ठेवायचा अन् पुढच्याच्या कागदावर जाऊन बसायचं. त्यानं जिथं सोडलं, तिथून पुढं काढायचं."

"अन् आपलं चित्र?" कुणीतरी विचारलं.

"आपलं असं काही नाही इथं."

सर आर्वीच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. नगरपरिषदेचा कोंडवाडा बंद पडून रिकामा झाला होता. सरांनी तो मागून घेतला, शेण खरवडलं, चुना मारला आणि गावात सांगून टाकलं की रविवारी कुठलंही पोर चालेल. शाळेतलं, शाळेबाहेरचं, बोलणारं, न बोलणारं. गावाला गंमत वाटली. 'पोट्टे कोंडवाड्यात टाकले' असं लोक म्हणायचे आणि आणून सोडायचेही.

मला आईनं ढकलत आणलं. लहानपणच्या एका तापानंतर माझे पाय चालायचे थांबले होते. त्यांना गार कळायचं, ऊन कळायचं, मुंगी चावलेली कळायची. फक्त माझं ऐकायचे नाहीत. शिबिरात मिळालेली लोखंडी चाकाची खुर्ची होती, आणि त्या खुर्चीच्या मागे कायम आई होती. आईचा श्वास माझ्या डोक्यावर, मागून, इतका सवयीचा की तो मला माझाच वाटायचा.

थाळी वाजली. पोरं सरकली. दारातल्या दगडावर ब्लाउजला हुक लावत बसलेली आई उठली, तिनं मला पुढच्या कागदापाशी ढकललं, परत जाऊन बसली. थाळी वाजली. आई उठली. पुन्हा थाळी, पुन्हा आई.

सरांनी थाळी खाली ठेवली. "वहिनी, तुम्ही बसा. आता पोरं बसतील, कागद सरकतील."

त्या दिवसापासून कागद फिरायला लागले. एका हातातून दुसऱ्या हातात, गोल. मी हलत नव्हते आणि कोंडवाड्यातलं प्रत्येक चित्र माझ्या मांडीवरून जात होतं. झाडं अर्धी यायची, पुरी होऊन जायची. कुणाच्या नदीत मी होडी टाकायची, पुढच्याला ती मासा वाटायची. आजही डोळे मिटले की ते कागद येताना दिसतात, ओले, कोपऱ्यात अंगठ्यांचे ठसे.

एकच कागद फिरत नसे. गजूचा.

गजू पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा, आमच्यात सगळ्यांत थोराड. त्याला मिशी फुटायला लागली होती आणि शब्द मात्र मोजकेच येत होते. तो गोल काढायचा. गोलात गोल, त्यात गोल. थाळी वाजली की कागदावर आडवा पडायचा.

"राहू द्या गजूचा," सर म्हणायचे. "त्याचं अजून चालू आहे."

माझ्या डावीकडे शबनम. तिच्या अब्बांचं भांड्यांना कल्हई करायचं दुकान होतं. तिला फक्त उजेड आणि अंधार कळायचा, मधलं काही नाही. माझ्याकडून कागद गेला की ती आधी त्यावर तळहात फिरवायची आणि म्हणायची, "पनू, हे काय गिचमिड केलंस व? इथं तं पाऊल ठेवाले जागा नाही."

माझं नाव प्रणिता डोंगरे. पनू ती एकटीच म्हणायची. मग आईही म्हणायला लागली.

*

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. आदल्या दिवशीचा खऱ्या बैलांचा. हा लाकडी बैलांचा, म्हणजे पोरांचा. पोरं बैल सजवतात, दोरीनं ओढत मांडवात नेतात, मग दारोदार फिरवतात. घरची बाई बैलाच्या पायावर पाणी घालते, कुंकू लावते, पोराच्या हातावर बोजारा ठेवते, खाऊ नाहीतर नाणं.

मी दर वर्षी स्टेजवरून ते पाहायची. मंडळाचे अध्यक्ष बोकडे काका मला प्रेमानं वर चढवायचे. पाहुणे आले की पहिला पेढ्यांचा पुडा मला. फोटो. बायका खालून बघत म्हणायच्या, "बिचारी. चेहरा किती गोड आहे नाही?" आणि समोरून रांग जायची. बैल, पोरगं, बैल, पोरगं. चाकांचा खडखडाट.

मला एकदा त्या रांगेत जायचं होतं. बाकी मला काही नको होतं. पेढेसुद्धा आवडत नाहीत मला.

"आपण एक मोठा बैल करू," सर एका रविवारी म्हणाले. "सगळ्यांनी मिळून. कामट्यांचा सांगाडा, वर कागद. चौघं आत शिरतील अन् चालवतील. चार पाय."

शबनम हसायलाच लागली. "सर, तान्ह्या पोळ्याच्या बैलाले पाय कुठं चालतात? त्याले चाकं असतात ना!"

बाहेर कुठंतरी कोंबडी ओरडत होती. गजू उठला. त्याचा कागद त्यानं आयुष्यात पहिल्यांदा मोकळा सोडला, माझ्याजवळ आला, वाकला आणि खुर्चीच्या मोठ्या चाकावर हात ठेवून म्हणाला,

"चाक."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या चेहऱ्याकडे नाही. खुर्चीकडे. हेव्यानं.

दारातल्या दगडावरून आई म्हणाली, "नाही सर. दम कोंडंल तिचा आत. अन् ढकलंल कोण?"

"मी," मी म्हणाले.

"तुले उताराचं काय माहीत? मी धरून असतो म्हणून तुले तो उतार वाटत नाही."

कोंडवाड्यापासून मारुतीच्या पारापर्यंत रस्ता चांगलाच उतरता आहे. पाराच्या पुढे मांडव, मांडवाच्या पुढे आमची गल्ली.

"वहिनी, शिकंल ती," सर म्हणाले.

आईनं हुकाचा दोरा दातानं तोडला. "बघू."

आईचं 'बघू' म्हणजे नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तरी मी शिकले. बाकीची पोरं कामट्या वाकवायची आणि मी अंगणात चकरा मारायची. चाकाचं कडं तळहातानं पुढे लोटायचं; थांबायचं असलं की दाबून धरायचं; एकच धरलं की खुर्ची त्या बाजूला वळते. पहिल्यांदा वळले तेव्हा भिंत माझ्यासमोरून आपली आपण सरकत गेली, तो काळा पट्टा नदीसारखा वाहिला. आईनं मान वर करून पाहिलं.

(बैल पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात छपराखाली भिजला. पाठ बसली. मोरचूद घालूनही उंदरांनी एक कान नेला. सरांनी उरलेला बैल पोरांना कुस्करू दिला आणि त्या लगद्याचे मुखवटे केले. तो कान मला अजून कधीकधी दिसतो, उंदराच्या बिळात, अंथरूण झालेला.)

*

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी बैल उभा होता.

वशिंड माझ्या डोक्यापेक्षा उंच. शिंगांना बेगड. पाठीवर आईच्याच कापडाच्या चिंध्या जोडून केलेली झूल, इतकी लांब की खाली फक्त चाकांचा तळ दिसावा. आणि तोंडावर दोन डोळे. तसे डोळे मी नंतर कुठं पाहिले नाहीत. गोलात गोल, त्यात गोल, निळे, आत जाणारे. थाळी वाजली तरी गजू त्यांच्यापासून हलला नव्हता. बाकी सगळा बैल सगळ्यांचा होता. डोळे गजूचे होते.

मला घरून कोंडवाड्यापर्यंत आईनंच ढकलत आणलं. दारात थांबली. माझी वेणी ओढून सारखी केली.

"मी घरी जातो," ती म्हणाली. "बैल आला अन् दारात कोणी नसलं, तं बरं दिसत नाही."

"आई, तू मागे नाही येणार?"

"दारात कोण उभं राहील मग?"

ती गेली. मागे वळली नाही. रागावली, असं मी धरून चालले.

गजूनं आणि सरांनी बैल उचलला आणि माझ्यावर ठेवला.

अंधार.

"कसं वाटतं?" सरांचा आवाज लांबून आला.

"सर, मले काही दिसून नाही राहिलं."

"डोळ्यातून बघ."

"डोळे कुठं आहेत?"

बाहेरून कुणीतरी डोळे चाचपले. मग बोटांनी टकटक. कागद, कागद, कागद.

"भोकं कोणी पाडायची होती?" सर म्हणाले.

"मी सांगाडा बांधला. कागदवाले पाडणार होते."

"आम्ही कसे पाडू? रंगवाले पाडणार होते."

"आम्हाले वाटलं, पुढचा पाडंल!"

कोंडवाड्यात असंच व्हायचं. प्रत्येकानं पुढच्यासाठी सोडायचं, असं आम्हाला शिकवलं होतं, आणि आम्ही ते फार मन लावून शिकलो होतो. सगळ्यांनी सोडलं. सरांनीही. डोळे होते आणि दृष्टी राहून गेली होती.

"हरकत नाही," सर म्हणाले. "ब्लेड आणा रे. बुबुळं कापू."

आणि तेव्हा गजूनं हंबरडा फोडला. मी आतून फक्त ऐकलं. काहीतरी जड येऊन बैलाच्या तोंडाला बिलगलं आणि सगळा सांगाडा करकरला. "नाई, नाई, नाई!"

"गजू, सोड बेटा. लहानसंच भोक."

"नाई!"

तेवढ्यात बोकडे काकांची मोटारसायकल वाजली. "काय काळमेघ सर, निघालं नाही अजून तुमचं जनावर? पाहुणे येऊन बसले. प्रणिताबेटा कुठं आहे?"

"आत," चारपाच पोरं म्हणाली.

"आत? अन् हा वेडा काऊन रडून राहिला?"

"वेडा नाही तो," शबनम म्हणाली. "त्याचे डोळे कापून राहिले म्हणून रडून राहिला. तुमचे कापले तं तुम्ही हसान काय?"

"तुझी जीभ मोठी धारदार आहे व पोरी." काका हसले, माणूस वाईट नव्हता. त्यांनी भोकाचं सगळं प्रकरण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, ऐका माझं. तिला काढा. बिनडोळ्यांच्या डब्यात बसवून उतारावरून सोडता? पडली-गिडली म्हणजे तिच्या मायले तोंड काय दाखवान? बैल पोरं हातानं उचलून आणतील. प्रणिताची जागा स्टेजवर राखलेली आहे."

सर गप्प बसले की मला भीती वाटायची, कारण ते खरंच विचार करत असायचे. एका बाजूला गजूचे डोळे होते, दुसऱ्या बाजूला माझी रांग. आणि मला माहीत होतं, ब्लेड मागितलं तर मिळेल. माझ्या पायांकडे बघून मला काहीही मिळायचं.

गजू कागदाला गाल लावून हुंदके देत होता. त्याच्या श्वासानं कागद आत-बाहेर होत होता, अगदी माझ्या तोंडासमोर.

"नका कापू," मी म्हणाले. "मी न बघता जाते."

"कशी?" काका म्हणाले.

"दोरीनं. तान्ह्या पोळ्याचा बैल कुठं बघून चालतो? ओढणारा नेतो तसा जातो."

"अन् ओढणार कोण?"

"मीच ओढीन," शबनम म्हणाली. "रोजचा रस्ता आहे माझा."

"झालं! तुला तरी दिसतं का?"

"म्हणूनच तं. मी पायानं चालतो काका, डोळ्यानं नाही. पाराच्या अलीकडं फरशी फुटली आहे, हे तुमच्या गाडीले माहीत आहे काय? रोज आदळता तिथं. आवाज येतो मले."

पोरं हसली. सरही. मग सर वाकून झुलीपाशी हळूच म्हणाले, "प्रणिता, उतारावर दोन्ही हात. मी बाजूनं चालतो. पण हात लावणार नाही. चालेल?"

"चालेल."

थाळी वाजली.

*

दोरी ताठ.

चाकाचं कडं पुढे. पुन्हा. पुन्हा.

आत अंधार नव्हता. उन्हात आल्याबरोबर ते कळलं. पांढरा रंग जिथं पातळ बसला होता तिथून ऊन झिरपत होतं आणि वर्तमानपत्रं पेटल्यासारखी पिवळी झाली होती. आतली अक्षरं सरळ, बाहेरची उलटी, दोन्ही एकमेकांत गेलेली. कापसाचे भाव. निधन वार्ता. पाहिजे: स्थळ, पाहिजे: गडी. सगळं गाव माझ्याभोवती छापलेलं, त्यातून एक गरम, खळीचा, गोडसर वास.

ढोल. मग ढोल मागे.

"फरशी!" शबनम ओरडली. दोरी डावीकडे गेली. मी डावं चाक धरलं. अक्षरं फिरली.

डोक्यावर कुणाचा श्वास नव्हता. मी थोडा वेळ तो शोधला. मग माझाच ऐकू यायला लागला.

दोरी एकदम सैल.

"पनू! ढिली झाली!"

उतार. तो खरंच होता. आई खरं सांगत होती. खुर्ची माझ्याखालून पुढे निघाली, जणू तिला घर माहीत होतं. मी दोन्ही कडी धरली. तळहात तापले, सालटी निघाल्यासारखे झाले.

"शबनम, बाजूला हो!"

"काऊन होऊ? धर ना तू!"

"धरलं आहे!"

"मंग चाल. मी आहे पुढं."

ती बाजूला झाली नाही. तिच्या चपला मला ऐकू येत होत्या, एकसारख्या, निवांत, माझ्या पायांच्या अगदी पुढे. त्या चपलांवर जाऊ नये म्हणून मी धरलं, आणखी धरलं. अक्षरं हळू झाली. पिंपळाची सावली आली, कागद हिरवे झाले, थंड झाले. पार.

बाजूला कुणीतरी म्हणालं, "कसा भारी चालते बे! आत कोण आहे?"

"कोणी नाही. मोटर असंल."

"मोटरचा आवाज कुठं येऊन राहिला?"

"चायना मोटर आहे. तिचा नाही येत."

मला हसू आवरेना. बैल हलला. "पाहा पाहा, मान बी हालवते!" पोरं धावत होती, झुलीखालून चाकं बघायला वाकत होती. "चाकं पाहा बे याचे, सायकलचे आहेत!" बिचारी असं कुणी म्हणालं नाही. बिचारा बैल असंही कुणी म्हणालं नाही.

मग मांडव. लाऊडस्पीकर. बोकडे काका माईकवर म्हणत होते, "आपल्या गावची लाडकी कन्या कुमारी प्रणिता डोंगरे हिनं कृपया..." आणि थांबले. बहुतेक त्यांना आठवलं. माझं नाव माझ्या डोक्यावरून निघून गेलं, मांडवाच्या पलीकडे, शेतांवरून. मी खालून, रांगेत, पुढच्या बैलाच्या खडखडाटामागे.

*

आमच्या गल्लीत आलो ते मला वळणावरून कळलं.

"तुझं घर," शबनम म्हणाली. "दारात पाणी मारलं आहे. पायाले गार लागलं."

दोरी थांबली. मी थांबले. बांगड्या वाजल्या.

खऱ्या बैलाला करतात तसं आईनं सगळं केलं. बाहेरून कपाळावर बोट टेकलं; कागदावर कुंकवाचा ओला डाग आत उमटला, उन्हात लाल. तांदूळ टपटपले. आरतीचं तबक फिरलं, उजेडाचा एक गोल माझ्याभोवती फिरून गेला. मग नैवेद्याची पुरणपोळी घेऊन तिचा हात बैलाच्या तोंडापाशी आला आणि अडला. तोंडही कुणी उघडलं नव्हतं.

"ह्याले तोंड नाही का रे?" तिनं विचारलं.

"पुढचा करणार होता, काकू," शबनम म्हणाली.

झुलीची कड उचलली गेली. उजेडासोबत एक हात आत आला, पोळी धरलेला. मी पोळी घेतली. हात बाहेर गेला, पुन्हा आत आला, यावेळी खाली, आणि माझ्या पायांवर तांब्यातलं पाणी पडलं. रोज ती माझे पाय धुवायचीच. घासायची, पुसायची, वर बडबडायची. हे पाणी हळू पडत होतं. सकाळपासून झुलीत तापलेल्या पायांना ते फार गार लागलं. मग दोन्ही पायांवर काहीतरी टेकलं, कठीण आणि ऊबदार. ते आईचं कपाळ होतं.

मी तोंडातली पोळी चावायची थांबले.

"आमच्या दारी आणा व पोरीहो," शेजारच्या काकू ओरडल्या. "तिथंच रमला काय तुमचा बैल?"

झूल खाली आली. शबनमनं माझ्या वतीनं बोजारा घेतला. दोरी ताठ झाली. मी चाकं लोटली आणि जाता जाता मागे कान दिला. पावलं येत नव्हती. आई दारातच उभी होती.

*

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकतात आणि त्यांना उद्याचं जेवायचं आवतण देतात. त्या वर्षी, त्या संध्याकाळी, आईनं दार लोटून घेतलं होतं आणि माझे दोन्ही खांदे शेकले होते.